पंखा बंद ठेवून खेळायचा डाव

द्राक्षांचा मोसम भरात आला की आमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा दुपारी बंद असतो. नवीन माणसाला वाटतं, वीज गेली. मग त्याला शेजारच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येते आणि तो आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहतो. आम्ही, म्हणजे मी आणि माझे वडील, दादा, घाम पुसत बुद्धिबळाच्या पटाच्या दोन बाजूंना बसलेले असतो. पांढऱ्या सोंगट्या दादांच्या, काळ्या माझ्या. पंख्याच्या वाऱ्यानं माझ्या सोंगट्या पडतात, त्यांच्या पडत नाहीत. असं का, हे कुणी विचारलं तर दादा पटाकडे बघत राहतात आणि मी सरबत आणायला उठतो.

गंगापूर रोडला आता बंगले आणि दुकानं इतकी झाली आहेत की कोपऱ्यापलीकडे पूर्वी द्राक्षांचे मांडव दिसायचे हे सांगून कुणाला पटत नाही. मोसम मात्र चुकत नाही. क्रेट भरलेले टेम्पो जातात, हातगाड्यांवर घडांचे ढीग लागतात, आणि त्या ढिगांच्या बाजूला गोणपाटावर सुटे मणी असतात. घडातून गळालेले, स्वस्तातले, आणि खरं सांगायचं तर जास्त गोड. "घड खावेत व्यापाऱ्यांनी, मणी खावेत आपण," असं माझी आत्या म्हणायची. ती रोज पातेलीभर मणी धुऊन पटाशेजारी ठेवायची. मारलेल्या सोंगट्याही त्याच पातेलीत जायच्या. एकदा दादांनी चालीच्या विचारात एक प्यादं उचलून तोंडात घातलं होतं. आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "बाळू, पटावर मारलंस ते पुरे झालं नाही का? आता खातोस पण?"

आत्या दादांपेक्षा मोठी. तिच्याखेरीज दादांना 'बाळू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं आणि 'सुध्या' म्हणून मला हाक मारणारंही. नवरा लवकर गेला. सिन्नरच्या त्या सासरी तिच्याशी दोन शब्द धड बोलणारा एकच माणूस होता, तिचा सासरा. त्यानं तिला बुद्धिबळ शिकवलं. दुपारी घर झोपलं की सून आणि सासरा ओसरीवर पट मांडायचे. जाताना त्यानं सोंगट्यांचा डबा तिला दिला, आणि पुढे ती आमच्याकडे कायमची आली तेव्हा एका ट्रंकेसोबत तो डबा घेऊन आली. शिसवी आणि पिवळट पांढऱ्या लाकडाच्या त्या सोंगट्या कुण्या जुन्या कातार्‍यानं हातानं घडवलेल्या होत्या. काळ्यांतल्या दोन घोड्यांची तोंडं एकसारखी नव्हती. एक जरा हसरा होता.

ती नेहमी काळ्यांनी खेळायची. दादांनी कधी पांढऱ्या पुढे केल्या तर म्हणायची, "पांढरं पुष्कळ नेसून झालं. ते तूच घे." खेळायची जुन्या देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे. वजिरानं मात केली तर तिला विशेष वाटायचं नाही, पण प्याद्यानं केली तर त्या दिवशी शिरा. आणि एक नियम ती सोडायची नाही. सोंगटीला हात लावला की ती चालायची. दादा बिचारे हत्तीला बोट लावून मागे घ्यायला बघायचे. "लावलास ना हात? मग चाल. संसारात नाही मिळत परत, इथं कशाला?"

तिच्या हातांबद्दल आधी सांगायला हवं. संधिवातानं तिची बोटं वाकली होती आणि अंगठा आत वळला होता. पोळ्या सुटल्या, शिवण सुटलं, पोथीची पानं दादा उलटून द्यायचे. वेणी माझी बायको घालायची. स्वतःच्या हातानं करायचं असं तिच्याजवळ एकच काम उरलं होतं, ते म्हणजे हा दुपारचा डाव. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, आणि हीच खरी पंचाईत आहे.

त्या वर्षी, म्हणजे नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा, फाल्गुनातच उन्हाळा अंगावर आला. सोंगट्या जुन्या, वाळून हलक्याफूल झालेल्या, बुडं झिजून गोलसर. पंखा लावला की प्यादी आडवी व्हायची. म्हणून ही दोघं भावंडं पंखा बंद करून घामाच्या धारांत बसायची. मी सातपूरला एका कारखान्यात टूलरूमला सुपरवायझर होतो. पहिल्या पाळीवरून घरी यावं तर हे दृश्य. मला त्यांची दया आली. दयेचं एक असतं, ती आली की माणसाला फार हुशार झाल्यासारखं वाटतं. मला लगेच सुचलं की या सोंगट्यांची बुडं कोरायची, आत शिसं भरायचं, झकास पॉलिश करायचं. मग पंखा काय, वादळ आलं तरी राजा जागचा हलणार नाही.

दादा आणि आत्या एका लग्नाला पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत संगमनेरला गेली आणि मी डबा उचलला. विचारलं नाही, कारण पाडव्याला चकित करायचं होतं.

ते दिवस मी किती आनंदात होतो, हे आठवलं की अजून चोरट्यासारखं होतं. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं मी वर्षानुवर्षांचा मेणचट थर काढला आणि खालून शिसवीच्या रेषा वर आल्या. हसऱ्या घोड्याचा तुटका कान भुसा आणि सरस कालवून नवा घडवला. सोंगट्या लेथवर धरून बुडं कोरली. मासे धरायच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या लावतात, तशा आणल्या, ठेचून बसवल्या, वरून लाख ओतली आणि खाली हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवली. मग चपडीचं, म्हणजे पातळ लाखेचं पॉलिश, कापसाचा बोळा मलमलीत बांधून, हातावर हात. बोट लावलं तर बोट दिसावं असं.

आणि दोरा. काळ्या सोंगट्यांच्या मानेला जाड काळा दोरा गुंडाळलेला होता, वेढ्यावर वेढा, मळून लाकडाच्याच रंगाचा झालेला. मी तो पाहिला आणि हसलो. काळा दोरा म्हटलं की आमच्या घरात आत्या. माझ्या मुलीच्या मनगटाला तिनं बांधलेला काळा दोरा, पाळण्याला काळा दोरा, माझ्या नव्या स्कूटरच्या हँडललासुद्धा एक. कुणाची दृष्ट कुठे लागेल याचा तिला कोण हिशेब! मला वाटलं, म्हातारीनं आपल्या फौजेचीही दृष्ट काढून ठेवली आहे. पांढऱ्यांना दोरा नव्हता, तेव्हा तर मला आणखीच गंमत वाटली. आपल्या बाजूची तेवढी काळजी, भावाच्या सोंगट्यांना लागू दे खुशाल. मी ब्लेडनं सगळे दोरे कापले आणि कचऱ्यात टाकले. दोऱ्याखालचं लाकूड हाताच्या घामानं काळवंडलं होतं, तेही पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलं.

आमच्या टूलरूमला दिंडोरीकडचा एक टर्नर होता, पवार. त्यानं तयार झालेला वजीर तळहातावर तोलला आणि म्हणाला, "लय भारी झालं साहेब. पेपर उडत असले तर एक हिकडं ठेवा." सगळे हसले, मीही. 'भारी' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत हे मला शाळेपासून ठाऊक होतं. त्या दिवशी मला त्यातला एकच ऐकू आला.

पाडव्याला गुढीपुढे डबा उघडला. आत्या बघतच राहिली. "अगं बाई," म्हणाली, "हे माझ्या सासऱ्यांनी पाहिलं असतं तर." तिनं राजाला हात लावला, उचलला नाही, नुसता फिरवला. हसऱ्या घोड्याच्या नव्या कानावरून बोट फिरवलं. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडायला गेली. बोटं वाकत नव्हती, म्हणून तोंडानंच 'कडकड' म्हणाली. आम्ही सगळे हसलो. दादा हसले नाहीत. ते सोंगट्यांच्या मानांकडे बघत होते. मी विचारलं, "कसं झालंय, दादा?" ते म्हणाले, "मेहनत घेतलीस."

दुपारी पंखा लावला. एकही सोंगटी हलली नाही. मी दाराशी उभा राहून ते बघितलं आणि समाधानानं झोपायला गेलो.

त्यानंतर डाव होईनासे झाले. एक दिवस आत्याचं डोकं जड होतं, एक दिवस एकादशी. मग डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मग म्हणे, उन्हाळ्यात झोप फार येते. दादा एकटेच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि दोन्ही बाजूंनी कंटाळायचे. सुट्या मण्यांची पातेली भरलेली असायची, त्यातले मणी संध्याकाळपर्यंत मऊ पडायचे. मी आपला म्हणत होतो, वय झालं आता.

एके दिवशी कारखान्यात वीज गेली म्हणून मी लवकर घरी आलो. दादा बाजारात गेले होते. बैठकीच्या खोलीत आत्या एकटी पटाशी बसली होती, पाठमोरी. ती एक प्यादं उचलायला बघत होती. वाकड्या बोटांच्या पेरांत ते धरायची, ते सुळकन निसटून बुडावर बसायचं. पुन्हा धरायची, पुन्हा निसटायचं. मग तिनं मनगटाच्या कडेनं ते ढकलून पाहिलं, तर खालची बनात पटाला धरून राहिली आणि प्यादं आडवं झालं. शेवटी तिनं वजीर दोन्ही हातांच्या तळव्यांत धरला, लहान मूल दुधाचा पेला धरतं तसा, आणि एक घर पुढे नेऊन ठेवला. एवढ्यानं तिला दम लागला. मग तिला माझी चाहूल लागली. वळून म्हणाली, "आलास? बघत होते रे, कसं चकाकतंय."

मी आत जाऊन हातपाय धुतले, आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला.

संध्याकाळी दादांना गच्चीवर गाठलं आणि विचारलं, दृष्टीचा दोरा काढला म्हणून तर आत्या खेळत नाही ना. ते म्हणाले, "तो दोरा दृष्टीचा नव्हता रे. पकडायला होता. बोटं वळेनाशी झाली तेव्हा तिनंच गुंडाळला, एक टोक दातांत धरून. महिनाभर बसली होती. तू तेव्हा ट्रेनिंगला पुण्यात होतास."

"मग पाडव्यालाच का नाही सांगितलंत?"

"तिनं शपथ घातली. म्हणाली, पोरानं हौसेनं केलंय, त्याला बोलायचं नाही. तिलाच अपराध्यासारखं झालंय, की तुझी मेहनत आपल्यामुळे वाया गेली. आणि मला वाटतंय की मी तेव्हाच तुझा हात धरायला हवा होता." मग म्हणाले, "आता तुला कळलंय. बघ काय करतोस."

असे त्या उन्हाळ्यात एका घरातले तिघं एकमेकांचे अपराधी होऊन वावरत होते, आणि तिघंही जेवताना आमरस पातळ झालाय की दाट यावर बोलत होते.

मी आत्याला म्हणालो, "तू नुसतं सांगत जा ना, कुठली सोंगटी कुठल्या घरात. दादा ठेवतील." तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. "घास दुसऱ्यानं भरवला तरी पोट आपलंच भरतं, सुध्या. चाल दुसऱ्यानं केली तर डाव त्याचा होतो."

इथपर्यंत जे घडलं ते अजाणता घडलं, असं म्हणून मी स्वतःला अधूनमधून सोडून देतो. पुढचं तसं नाही. कळल्यावर दुसऱ्या दिवशी डबा उचलून कारखान्यात न्यायचा, बनात फाडायची, लाख फोडायची, शिसं काढायचं, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. मार्चअखेरचा माल अजून तुंबलाय, ओव्हरटाइम आहे, असं घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं हे होतं की माझा हात होत नव्हता. बोट दिसेल असं ते पॉलिश, कडेला तंतोतंत कापलेली ती हिरवी बनात. पवारनं सोंगट्यांची तारीफ सगळ्या खात्यात केली होती आणि मॅनेजरसाहेबांनी आपल्या घरचा पट माझ्याकडे द्यायचं बोलून दाखवलं होतं. माझ्या हातून झालेली ती पहिली देखणी गोष्ट होती. आज करू, उद्या करू. हातगाड्यांवरचे मणी कमी होत गेले, द्राक्षं संपली, आंबे आले. आत्या खिडकीशी बसून रस्ता बघायची. विचारलं तर म्हणायची, "बरं वाटतं वाऱ्यावर." तिच्या डोक्यावर पंखा फिरत असायचा.

आपण जुनी वस्तू नीट करतो म्हणजे काय करतो, हे मला तेव्हापासून नीटसं सांगता येत नाही. मळ काढतो. पण तो मळ कुणाच्या हाताचा, कुठे जास्त बसलाय, कुठे कमी, हे बघत नाही. वजन वाढवतो. वजनाचं तर आपल्याकडे फारच कौतुक. शब्दाला वजन, माणसाला वजन, सरकारी कागद हलायचा तर त्यावरही वजन. हलकी वस्तूही कुणासाठी मुद्दाम हलकी असेल, हे मनात येत नाही. तो डबा मी घरातून नेला, लेथवर धरला, दिवसचे दिवस घासला, पण एकदाही आत्यासारखी बोटं वाकवून त्यातली एक सोंगटी उचलून पाहिली नाही. जुन्या वेळी तिला डावात उशीर व्हायचा, तो विचार करण्याचा उशीर आहे असं मी धरून चाललो होतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तेव्हा कुठे मी काळ्या सोंगट्या पिशवीत घातल्या. पांढऱ्या तशाच ठेवल्या. कारखान्यात पवार म्हणाला, "काय साहेब, फुटल्या काय?" मी म्हणालो, "भारी झाल्या." लाख फोडून शिसं काढलं, पोकळी तशीच ठेवून बूच बसवलं, पॉलिश घासून खरखरीत केलं. मग घरी दोरा घेऊन बसलो. पहिल्याच सोंगटीला तीनदा सुटला. वेढा घट्ट बसायला दोरा ताणून धरावा लागतो आणि त्याच वेळी सोंगटी फिरवावी लागते. माझी दहाही बोटं धड होती. शेवटी मीही टोक दातांत धरलं.

आखाजीच्या दुपारी दादांनी पट मांडला आणि कुणी न सांगता पंखा बंद केला. आत्या येऊन बसली. तिनं एक काळं प्यादं हातात घेतलं. उचललं गेलं. दोऱ्यावर तिची पेरं बसली. तिनं ते वरखाली करून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हलकं झालं." मला वाटलं, सुटलो.

पण मधल्या दिवसांत हातच सवयीतून गेला होता. रोजच्या डावानं जेवढा हलता राहिला होता, तेवढा आता राहिला नव्हता. उचललेली सोंगटी हव्या त्या घरावर उतरत नव्हती. कापत कापत खाली यायची आणि दोन घरांच्या मधल्या रेघेवर बसायची. दादा विचारायचे, "अक्का, कुठल्या घरात?" पहिल्यांदा तिनं बोटानं घर दाखवलं. दुसऱ्यांदाही. वजिराकडे हात नेताना तिची मूठ घोड्याला लागली.

मी म्हणालो, "चुकून लागला, आत्या."

"लागला ना? मग चालायचा."

तिनं घोडा चालवला आणि वजीर उघडा पडला. दादांनी तो मारला नाही, भलतंच एक प्यादं पुढे सरकवलं. आत्यानं पटाकडे पाहिलं, मग भावाकडे. "बाळू, दया करून खेळतोस?" दादांची मान खाली. पुढच्या चालीला सोंगटी पुन्हा रेघेवर आली. दादांनी विचारलं, "कुठल्या घरात?" आत्या म्हणाली, "तू म्हणशील त्या."

एवढं बोलून तिनं हात मांडीवर घेतले. डाव मोडला असं कुणी म्हटलं नाही. दादांनी सोंगट्या डब्यात ठेवल्या आणि मी पंखा लावला. आत्या त्यानंतर पटाशी बसली नाही. माझ्याशी मात्र पूर्वीसारखीच वागली. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या सुध्यानं माझ्यासाठी दोनदा खपून सोंगट्या केल्या." 'दोनदा' हा शब्द ती कौतुकानं म्हणायची. त्या वर्षी थंडीत ती गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या वेळी मनगटाला काळा दोरा बांधून रांगणारी माझी मुलगी, रेवा, यंदा दहावीला आहे. सुट्टी लागली की रोबो की काय ते बनवायच्या वर्गाला जाणार म्हणते. हात तिचाही चांगला आहे, बिघडलेलं काही दिसलं की शिवशिवतो. परवा दुपारी पेपर देऊन ती उन्हातून घरी आली. मी आणि दादा पटाशी बसलेलो, मध्ये मण्यांची पातेली. "किती उकडतंय! पंखा का बंद?" म्हणत तिनं बटण दाबलं. माझी दोन प्यादी आणि पाठोपाठ हसरा घोडा आडवा झाला. दादांची फौज ताठ उभी.

रेवानं पडलेलं एक प्यादं उचललं, तळहातावर तोललं, मग एक पांढरं उचलून तोललं. "बाबा, काळ्या एकदम पोकळ आहेत. मी भरून देऊ यांच्यात काहीतरी? सोपं आहे."  ती प्यादं बोटांत फिरवत होती. मग तिचा अंगठा मानेवर थांबला.

"आणि हा दोरा कशाला? दृष्टीचा आहे का?"

दादांना हल्ली ऐकू कमी येतं. टीव्ही मोठा करावा लागतो, जेवायला हाक दोनदा मारावी लागते. हे मात्र त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. त्यांनी पटावरून मान वर केली.

"विचारलंस, हे बरं केलंस गं," ते म्हणाले. "बस इथे."

ती बसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठून पंखा बंद केला.